पावणेचार तासांचं रेकॉर्डिंग: वेबसाइटची वापर-चाचणी पहिल्यांदा घेताना

एका प्रशिक्षण संस्थेची वेबसाइट. वर्ग शोधायचा, नाव नोंदवायचं, फी भरायची, पावती उतरवून घ्यायची, एवढंच तिचं काम. लोक अर्ज अर्धवट सोडून जातात हे आकड्यांत दिसत होतं, पण कुठे अडतात ते कळत नव्हतं. म्हणून पाच जणांना प्रत्यक्ष वापरायला बसवून त्यांच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. पहिल्या ईमेलपासून अहवाल हातात येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्यात रेकॉर्डचं बटण चालू होतं ते फक्त पावणेचार तास. बाकीचा वेळ कुठे गेला आणि कुठे वाचवता आला असता, ते क्रमाने लिहून ठेवतो.

पहिला आठवडा कागदांचा. तीन गोष्टींसाठी परवानगी लागली: संगणकावर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकायला, रेकॉर्डिंग साठवायला जागा, आणि संमतीपत्राचा मसुदा. पहिल्या दोन गोष्टी दोन दिवसांत झाल्या. संमतीपत्र नऊ दिवस अडलं, कारण मसुद्यात 'रेकॉर्डिंग फक्त संशोधनासाठी वापरलं जाईल' असं एकच गुळगुळीत वाक्य होतं. कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कोण पुसणार, हे तिन्ही प्रश्न परत आले, आणि ते रास्तच होते. दुसऱ्या मसुद्यात चार वेगळ्या चौकटी केल्या: स्क्रीन रेकॉर्ड करू का, आवाज रेकॉर्ड करू का, चेहरा रेकॉर्ड करू का, आणि यातले तुकडे बैठकीत दाखवू का. प्रत्येक चौकटीवर स्वतंत्र खूण. बघणारे चार जण, ठेवण्याची मुदत ९० दिवस, पुसण्याची जबाबदारी नाव घालून एकाकडे. मधेच उठून जाण्याची आणि नंतरही रेकॉर्डिंग पुसून घेण्याची मुभा. हा कागद पहिल्याच दिवशी असा दिला असता, तर आठवडा वाचला असता. अशी चाचणी घेणार असाल तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी संमतीपत्र रांगेत लावा. वाट बघण्याचा वेळ दुसऱ्या कामाला वापरता येतो.

आमचा तो वेळ टास्क, म्हणजे सहभागींना साइटवर करायला सांगायची कामं, लिहिण्यात गेला. किती माणसं बसवायची हा पहिला प्रश्न. वापर-सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितानुसार एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी उघड करतो. पुढच्या माणसाला बऱ्याचशा त्याच अडचणी पुन्हा भेटतात. त्यामुळे तीन माणसांत सुमारे ६७ टक्के आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. ३१ टक्के ही सरासरी आहे, ती प्रत्येक साइटला लागू पडेल असं नाही. शिवाय पाचही माणसं एकाच प्रकारची वापरकर्ती असतील तरच हा हिशोब बसतो. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही साइट वापरत असतील तर दोन्ही गट वेगळे धरावे लागतात. आम्ही फक्त नवीन नाव नोंदवणारे घेतले: तीन लॅपटॉपवर, दोन फोनवर.

टास्क लिहिताना हमखास होणारी चूक आमचीही झाली. साइटवरच्या बटणावर 'प्रवेश अर्ज भरा' असं होतं आणि पहिला टास्कही 'प्रवेश अर्ज भरा' असाच लिहिला होता. मग माणूस काही शोधत नाही, कागदावरचे शब्द स्क्रीनवर जुळवत बसतो. बदललेला टास्क असा: 'तुम्हाला शनिवार-रविवारी चालणारा हिशेबलेखनाचा वर्ग करायचा आहे. जागा शिल्लक आहे का बघा, असेल तर नाव नोंदवा.' साइटवरचा एकही शब्द टास्कमध्ये येऊ द्यायचा नाही, हा नियम केला आणि सगळे टास्क पुन्हा लिहिले. पाच टास्क, ४५ मिनिटांत बसतील असे. सहावा उगाच घातला होता, तो काढला.

मग सॉफ्टवेअर. 'स्क्रीन रेकॉर्डिंग' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. क्लॅरिटी, हॉटजार, फुलस्टोरी ही साधनं साइटमध्ये स्क्रिप्ट घालून, येणारा प्रत्येक जण काय करतो ते टिपतात. त्यात व्हिडिओ नसतो. पानाची रचना, तिच्यातले बदल, माऊसची जागा, क्लिक आणि स्क्रोल यांची नोंद होते आणि त्यावरून नंतर पान पुन्हा उभं केलं जातं. एकाच जागी रागारागाने केलेले क्लिक, किंवा क्लिक करूनही काहीच न होणाऱ्या जागा ती आपोआप दाखवतात. हजारो भेटींमधून नेमकं कुठे बघायचं ते ठरवायला हे उत्तम. पण माणूस तिथे का थांबला ते कळत नाही, कारण आवाज नसतो. शिवाय ही स्क्रिप्ट फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूरही उचलू शकते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सर्वाधिक भेटींच्या ५०,००० साइटी तपासल्या, तेव्हा ४८२ साइटींवर अशा स्क्रिप्ट सापडल्या आणि काही ठिकाणी पासवर्डसारखी माहितीही बाहेर जाताना दिसली. तेव्हा हा मार्ग घेतलात तर फॉर्मची प्रत्येक चौकट झाकलेली आहे ना, हे स्वतः एक भेट रेकॉर्ड करून तपासा. सेटिंगमध्ये तसं लिहिलंय यावर विसंबू नका.

आम्हाला 'का' हवं होतं, म्हणून समोर बसवून खरं रेकॉर्डिंग. ओबीएस स्टुडिओ निवडलं: मोफत, मुक्त स्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. संमतीपत्राच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा होता. विंडोजमधला गेम बार झटपट कामाला बरा, पण तो एकाच विंडोचं रेकॉर्डिंग करतो. पावती नव्या विंडोत उघडली की ती त्याच्या हिशोबी नसतेच.

दुसऱ्या आठवड्यात रंगीत तालीम. सहावा माणूस खास यासाठीच बोलावला होता, त्याचे निष्कर्ष धरायचेच नव्हते. आणि त्या एका तासात जे जे बिघडू शकतं ते जवळजवळ सगळं बिघडलं.

पहिलं: रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये चालू होतं. ३१व्या मिनिटाला चार्जरची पिन सैल होऊन लॅपटॉप बंद पडला. फाइल होती, आकारही भरपूर होता, पण उघडेना. साध्या एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली की आतला सगळा माल असूनही प्लेअरला तो सापडत नाही. एमकेव्ही फाइल चालता चालता लिहिली जाते. मधेच बंद पडलं तरी तिथवरचं शाबूत राहतं. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीत करायचं आणि नंतर ओबीएसच्याच फाइल मेन्यूतल्या रीमक्सने एमपी४ करून घ्यायचं. रीमक्समध्ये चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, डबा फक्त बदलतो. त्यामुळे ते झटकन होतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही.

दुसरं: स्रोत म्हणून 'विंडो कॅप्चर' घेतलं होतं, फक्त ब्राउझर यावा म्हणून. रेकॉर्डिंगमध्ये माणूस वर्गाच्या यादीवर क्लिक करतो, माऊस हवेत खाली सरकतो, आणि यादी दिसतच नाही. फॉर्ममधली उघडणारी यादी बरेचदा वेगळी छोटी विंडो असते आणि ती त्या कॅप्चरमध्ये येत नाही. परवानगी विचारणाऱ्या चौकटी, फाइल निवडायची खिडकी, यांचंही तेच. 'डिस्प्ले कॅप्चर', म्हणजे अख्खी स्क्रीन, घेतलं की सगळं येतं. मग अर्थात डेस्कटॉपवरचं सगळंच येतं, म्हणून डेस्कटॉप रिकामा करावा लागतो.

तिसरं: चेहऱ्याचा व्हिडिओ उजव्या खालच्या कोपऱ्यात चिकटवला होता. साइटचं मदतीचं बटण नेमकं तिथेच. माणसाने ते दाबलं की नाही ते रेकॉर्डिंगमधून सांगताच येईना. उपाय सोपा निघाला. कॅनव्हास, म्हणजे ओबीएसमधली रेकॉर्ड होणारी चौकट, तीच रुंद करायची: १९२० × १०८० ऐवजी २२४० × १०८०. उजवीकडे ३२० पिक्सेलची जी पट्टी उरते तिच्यात चेहरा आणि घड्याळ. स्क्रीन पूर्ण मोकळी राहते. बेस (कॅनव्हासचं) आणि आउटपुट (फाइलचं) ही दोन्ही रेझोल्यूशन सारखीच ठेवायची. आउटपुट लहान राहिलं तर अक्षरं पुसट येतात आणि माणूस काय वाचत होता ते आपल्यालाच वाचता येत नाही.

तालमीनंतर ठरलेली बाकीची सेटिंग थोडक्यात. फ्रेम दर सेकंदाला १५. माऊस नीट दिसायला तेवढा पुरतो. ६० ठेवून लॅपटॉपचा पंखा गरगर फिरवण्यात अर्थ नाही, तो आवाज माइकमध्ये येतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती लिहायची तो आकडा, २५०० केबीपीएस धरला तर तासाला सुमारे १.१ जीबी. त्या हिशोबाने पाच जणांसाठी ५ जीबी आणि दुसऱ्या प्रतीसाठी तेवढीच जागा आधी मोकळी केली. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे ऐन वेळी कळण्याची गोष्ट नव्हे. कीफ्रेमचं, म्हणजे ज्यात पूर्ण चित्र लिहिलेलं असतं त्या फ्रेमचं, अंतर २ सेकंद. याचं कारण पुढे येईल. मॅकवर असाल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आदल्या दिवशीच द्या, कारण ती दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. दोन ग्राफिक्स कार्डांच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर काळंकुट्ट आलं, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला दुसऱ्या कार्डावर टाकून बघा.

आवाजाचं प्रकरण मात्र थोडक्यात सांगण्यासारखं नाही. चित्र धूसर असलं तरी चालून जातं, आवाज नसला की हातात फक्त फिरणारा माऊस उरतो. लॅपटॉपचा स्वतःचा माइक कीबोर्डला इतका जवळ असतो की टाइप करताना बोललेलं सगळं खटखटीत बुडतं. आणि लोक नेमके टाइप करतानाच पुटपुटतात. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो सहसा फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. शेवटी शर्टला लावायचा वायरचा साधा यूएसबी माइक घेतला. ओबीएसच्या मिक्सरमध्ये बोलताना पट्टी पिवळ्यात नाचायला हवी. हिरव्यातच राहिली तर आवाज दबका, लालमध्ये जाऊन टेकली तर फाटका. माइक आणि ओबीएस दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवला. सहभागीचा आवाज, संगणकाचा आवाज आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन वेगळे ट्रॅक ठेवले. साधा प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो, म्हणून मिश्रण पहिल्या ट्रॅकवर.

ब्राउझरसाठी कोरं प्रोफाइल केलं: बुकमार्क नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत, आपोआप भरणारे पत्ते नाहीत, झूम १०० टक्के. जुनं प्रोफाइल ठेवलं तर आधीच्या सहभागीचा पत्ता पुढच्याला सुचवला जातो. म्हणजे गोपनीयताही गेली आणि चाचणीही. प्रत्येकानंतर प्रोफाइल पुसून नवं. सहभागीला सवयीचा कीबोर्ड लेआउट आधी विचारून लावून ठेवला. फी भरण्यासाठी पेमेंटचा टेस्ट मोड आणि चाचणीचं कार्ड. खरं कार्ड कुणी खिशातून काढू लागलंच तर थांबवायचं.

एका सेटिंगवर बरीच चर्चा झाली: स्क्रीनचं स्केलिंग. लॅपटॉप १९२० × १०८० चा, पण विंडोज त्यावर १५० टक्के स्केल लावतं, म्हणजे वेबसाइटला मिळतात १२८० × ७२०. त्यातून टॅब, पत्त्याची पट्टी आणि टास्कबार वजा केले की पानाला उंची उरते जेमतेम ६०० पिक्सेल. रेकॉर्डिंग सुटसुटीत दिसावं म्हणून स्केल १०० करावं असं एक मत होतं. ते केलं नाही. लोकांच्या हातातले लॅपटॉप जसे असतात तसंच ठेवलं. त्याचं फळ चौथ्या आठवड्यात मिळालं.

तिसरा आठवडा माणसं मिळवण्यात गेला. पाच जण पक्के करायला चौदा जणांना विचारावं लागलं. प्रत्येकाला मानधन म्हणून भेटकूपन, आणि ते चाचणी सुरू व्हायच्या आधी हातात द्यायचं. शेवटी दिलं तर लोक 'चांगलं बोलून' ते मिळवायला बघतात. मुद्दाम नव्हे, सौजन्य म्हणून.

चौथा आठवडा, दोन दिवस, पहिल्या दिवशी तिघं, दुसऱ्या दिवशी दोघं. दोन चाचण्यांमध्ये ४५ मिनिटांची मोकळी वेळ. ती कमीच पडली. फाइल तपासणं, प्रोफाइल पुसणं, टिपणं पुरी करणं यात ती संपते, पाणी प्यायलाही उरत नाही.

मोठ्याने विचार करत काम करायला लावण्याची पद्धत संगणकाच्या चाचण्यांत आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी १९८२ साली आणली. कागदावर सोपी वाटते, पण कुणालाही एकदम जमत नाही. म्हणून आधी दोन मिनिटं दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवर सराव: हवामान बघा, आणि बघताना डोक्यात येईल ते बोला. मग रेकॉर्ड सुरू, सहभागीचा क्रमांक आणि वेळ मोठ्याने सांगायची, एक टाळी. चेहऱ्याचा कॅमेरा किंवा फोनचं रेकॉर्डिंग वेगळ्या फाइलमध्ये असेल तर नंतर या टाळीवर दोन्ही जुळवता येतात. फाइलच्या नावात सहभागीचं नाव कधीच नाही, स१, स२ असेच क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद वेगळ्या कपाटात.

चाचणी घेणारा एक आणि टिपणारा एक, अशी दोन माणसं हवीतच. टिपणाऱ्याच्या समोर ओबीएसचा चालू वेळ दिसत असतो. त्याने प्रत्येक ओळ वेळेनिशी लिहायची: '१२:४० थांबला', '१३:१८ मागे गेला'. या वेळा लिहिल्या नाहीत तर पावणेचार तासांचं रेकॉर्डिंग म्हणजे फेडायचं कर्ज होऊन बसतं.

माणूस अडला की मदत करायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच जमत नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. तरी शांतताच असेल तर 'आत्ता काय बघताय?' एवढंच विचारायचं. 'असं का केलंत?' विचारलं की माणूस सावरून बसतो आणि कारणं तयार करतो.

तिसऱ्या सहभागीचा एक तुकडा जसाच्या तसा सांगतो, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर बेतली. अर्जाच्या दुसऱ्या पानाच्या शेवटी दोन बटणं होती, 'जतन करा' आणि 'पुढे'. सगळं भरून त्यांनी 'जतन करा' दाबलं. पान झटक्यात वर गेलं आणि पुन्हा भरलेला फॉर्मच समोर. माऊस नावाच्या चौकटीवर दोनदा फिरला. खाली स्क्रोल, पुन्हा 'जतन करा'. पान पुन्हा वर. 'झालं ना? की नाही झालं?' हे अगदी हळू आवाजात, स्वतःशी. तिसऱ्यांदा दाबलं. मग माऊस सोडून दिला आणि हात मांडीवर. एकूण ३८ सेकंद. त्या ३८ सेकंदांत साइट प्रत्येक वेळी 'माहिती जतन झाली' अशी हिरवी पट्टी दाखवत होती, पण पानात खाली, साधारण ७०० पिक्सेलवर. मोठ्या मॉनिटरवर ती पान वर गेलं तरी समोर दिसते, म्हणून साइट बनवणाऱ्यांना तिच्यात कधी खोट दिसली नव्हती. ६०० पिक्सेलच्या खिडकीत ती कुणालाच दिसत नव्हती. लॅपटॉपवरचे बाकीचे दोघंही तिथेच अडकले, फक्त कमी वेळ. स्केल १०० टक्के केलं असतं तर ही अडचण चाचणीतून अलगद निसटली असती.

फोनच्या दोन चाचण्यांची तयारी निराळी. कोरा ब्राउझर हवा म्हणून अँड्रॉइडवर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडली, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती काळी स्क्रीन. गोपनीयतेसाठी ती खिडकी स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग अडवते. हे तिचं कामच आहे. साध्या खिडकीत इतिहास पुसून काम भागलं. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच रेकॉर्डर असतो. सुरू करताना तो आवाज माइकचा घ्यायचा का आणि स्पर्श दाखवायचे का, असं विचारतो. दोन्हींना हो म्हणायचं. आम्ही यूएसबी केबल लावून स्क्रीनसीपीवाय वापरलं, म्हणजे फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दिसते आणि तिथेच रेकॉर्ड होते. त्यासाठी डेव्हलपर पर्याय उघडावे लागतात, बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारून. आयफोनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरल्याशिवाय माइक चालू करायचा पर्याय दिसत नाही, आणि तो बंद राहिला तर सगळं मूक येतं. त्यात बोटांचे स्पर्शही उमटत नाहीत, म्हणून वरून वाकवता येणाऱ्या स्टँडवर दुसरा कॅमेरा लावला. दोन्ही फोनांवर 'डू नॉट डिस्टर्ब'. सहभागीचे खाजगी संदेश आपल्या रेकॉर्डिंगमध्ये येणं ही संमतीपत्राबाहेरची गोष्ट आहे.

एवढं सगळं करूनही चौथ्या चाचणीत ११ मिनिटं आवाज आला नाही. माइकच्या वायरवरचं म्यूटचं बटण शर्टच्या बाहीने दाबलं गेलं होतं आणि टिपणाऱ्याचं लक्ष वेळेवर होतं, मिक्सरवर नव्हतं. हातातली टिपणं होती म्हणून त्या भागाचे निष्कर्ष वाचले. त्यानंतर प्रत्येक टास्कच्या सुरुवातीला मिक्सरकडे बघायचं, ही ओळ टिपणवहीच्या प्रत्येक पानावर छापली. आणि सुरुवातीला २० सेकंद रेकॉर्ड करून ते कानाने ऐकायचं. पट्टी हलते म्हणजे योग्य तोच माइक चालू आहे असं नाही.

प्रत्येक चाचणीच्या शेवटी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही साइट वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली दिली, प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ साली तयार केली. विषम विधानांच्या गुणातून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. येणारा आकडा ० ते १०० मधला असतो पण ती टक्केवारी नव्हे, साधारण सरासरी ६८ धरतात. आमचा ५८ आला. पाच माणसांवरून यापेक्षा जास्त काही बोलू नये.

पाचवा आठवडा बघण्याचा. पहिलं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबत-लिहीत बघितलं. ४५ मिनिटांना अडीच तास लागले. बाकीची टिपणातल्या वेळांवर उड्या मारत बघितली, प्रत्येकी पाऊण तासात. पहिल्या रेकॉर्डिंगमधून जे सापडलं त्यातली एकच गोष्ट टिपणांत नव्हती. व्हीएलसीमध्ये शिफ्ट आणि बाण ३ सेकंद, आल्ट आणि बाण १० सेकंद पुढे-मागे नेतात. या दोन जोड्या बोटात बसल्या की काम निम्मं होतं. तक्त्यात पाच रकाने: सहभागी, वेळ, टास्क, काय घडलं, गंभीरता. 'काय घडलं' मध्ये फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, मत नाही. 'गोंधळले' असं लिहायचं नाही, 'तीनदा तेच बटण दाबलं' असं लिहायचं. गंभीरतेसाठी नील्सनचीच ० ते ४ ची मोजपट्टी, ४ म्हणजे सगळ्यात गंभीर. दोघांनी वेगवेगळे आकडे द्यायचे आणि मग ताडून बघायचे. हिरव्या पट्टीला दोघांचेही ४ आले. एकूण १९ अडचणी, त्यातल्या तीन ४ गुणांच्या.

बैठकीसाठी सहा तुकडे काढले, एकही ४५ सेकंदांवर नाही. त्यासाठी लॉसलेसकट हे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर वापरलं. यात पुन्हा एन्कोड न करता कापलं जातं, पण काप कीफ्रेमवरच बसतो. कीफ्रेम दहा-दहा सेकंदांनी असतील तर तुकड्याच्या सुरुवातीला नको असलेलं बरंच येतं. २ सेकंदांचं अंतर ठेवलं होतं ते यासाठी. फोनचं रेकॉर्डिंग बदलत्या फ्रेम दराचं असतं. ते थेट एडिटरमध्ये घेतलं तर आवाज हळूहळू ओठांच्या पुढे पळतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर दराचं करून घेतलं.

एका तुकड्यात सहभागीने स्वतःचा फोन नंबर टाइप केला होता. त्या जागेवर चौकोन टाकून झाकला, पण पान स्क्रोल झालं आणि नंबर चौकोनाखालून निसटला. मग अख्खी आडवी पट्टी झाकली. तुकडा तयार झाल्यावर हेडफोन लावून ऐकला, तर टाइप करताना त्यांनी नंबर एकेक आकडा करून मोठ्याने म्हटला होता. मोठ्याने बोला असं आम्हीच सांगितलं होतं. तेवढ्या चार सेकंदांचा आवाज काढला.

बैठक ४० मिनिटं चालली. हिरव्या पट्टीचा तुकडा दोनदा बघितला गेला आणि त्यावर वाद झाला नाही. 'जतन करा' हे बटण काढून माहिती आपोआप जतन करायचं ठरलं, तीन दिवसांत ते झालंही. वर्गाच्या यादीच्या क्रमावर मात्र वाद झाला. तो तुकडा फोनवरच्या एकाच सहभागीचा होता. तो मुद्दा पुढच्या फेरीवर टाकला.

९०व्या दिवशी पुसण्याचं काम होतं. मूळ पाच फाइली आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती पाच मिनिटांत पुसल्या, रिसायकल बिनही रिकामी केली. तुकड्यांचा शोध घेताना वेळ लागला: एक संच सादरीकरणाच्या फाइलमध्येच घातलेला, एक बैठकीनंतर पाठवलेल्या ईमेलला जोडलेला, आणि एक बैठकीच्या खोलीतल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये. तिन्ही पुसून संमतीपत्रांच्या गठ्ठ्यावर तारीख आणि सही टाकली. पुढच्या फेरीच्या संमतीपत्रात आता पाचवी ओळ आहे: तुकड्यांच्या प्रती कुठे कुठे आहेत त्याची यादी. ती कोरीच छापतो, प्रत काढली की त्याच वेळी भरायची.